धुण्याच्या टाकीतल्या बाई

सान दिमास बंदर
२७ ऑगस्ट १९७८

चि. फाउस्तोस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

चाळीस वर्षं तारघरात बसून लोकांचे शब्द मोजले. आता निवृत्त झाले आहे, तेव्हा स्वतःचे मोजणार नाही. पत्र लांबलं तर भाजी चिरताना कुणाकडून तरी वाचून घे.

नेल्सीचं लग्न नऊ डिसेंबरला ठरलं, फार आनंद झाला. तुझी मागणीही पोचली: ऐंशी किलो ऑक्टोपस, मध्यम आकाराचे, तिबुर्सियोच्याच बोटीचे, बर्फात घालून. दर हंगामात तुझ्या खानावळीसाठी मीच निवडून पाठवते, याही वेळी पाठवीन.

पण एक सांगायचंय. मंगळवारी मी तिबुर्सियोच्या बोटीतून गेले. त्रेसष्ट वर्षं या किनाऱ्यावर काढली, पण ऑक्टोपस धरतात ते कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. धक्क्यावर टोपलीत पडलेलेच पाहिले. दोरीला जिवंत खेकडा बांधून सोडतात. गळ नाही, काटा नाही, काही नाही. ऑक्टोपस येतो, खेकड्याला आठही हातांनी मिठी मारतो, आणि तिबुर्सियो दोरी हळूहळू वर ओढतो. खेकडा सोडला तर सुटेल ना रे बिचारा! पण सोडत नाही. बोटीत येईपर्यंत सोडत नाही.

चौथा जो वर आला, त्यानं मला पाहिलं. तिबुर्सियो म्हणाला, "ओतिलियाबाई, तो तुम्हाला नाही, खेकड्याला बघतोय." मी म्हटलं, "चाळीस वर्षं मी खिडकीमागे बसलेय. माझ्याकडे कोण बघतंय आणि माझ्यामागच्या घड्याळाकडे कोण, ते मला कळतं."

तो मी बादलीत घालून घरी आणला. परसातल्या धुण्याच्या टाकीत समुद्राचं पाणी भरलं आणि त्यात ठेवला. तारघरातून बॅटरीची एक मोठी काचेची बरणी मिळाली होती, कधी न वापरलेली. ती आडवी ठेवली, वर काळं फडकं बांधलं. आत जाऊन बसला. आता कपडे मी शेजारणीकडे धुते.

सोकोरोला आणि नेल्सीला आशीर्वाद.
तुझी
ओतिलियाताई


मेरिदा
५ सप्टेंबर

प्रिय ताई,
सा. न.

तुझं पत्र मी भाजी चिरताना नाही, मधल्या टेबलावर उभं राहून सगळ्या स्वयंपाक्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ताई, तू धन्य आहेस! एकतीस वर्षं मी हा धंदा करतोय, पण लग्नासाठी घरच्या टाकीत ऑक्टोपस पोसायचं माझ्या डोक्यात आलं नाही. लोक डुक्कर पोसतात, टर्की पोसतात. माझ्या ताईनं ऑक्टोपस पोसायला घेतला!

आता नीट ऐक. त्याला खेकडेच घाल, मासे नकोत. माशानं मांसाला वास लागतो. रोज दोन तरी घाल. धावपळ करू देऊ नकोस, हात निबर होतात. या पत्राबरोबर बसच्या ड्रायव्हरकडे एक खोकं देतोय. त्यात पाण्यात हवा सोडायचा छोटा पंप आहे. शोभेच्या मासळीच्या दुकानातून आणला. विजेवर चालतो. पाणी ताजं राहिलं की जनावर खुशीत राहतं, आणि खुशीतलं जनावर शिजतं कसं ते तुला मी काय सांगू.

सोकोरो म्हणते, ताईंना एकटं वाटत असेल म्हणून आणला असेल. मी म्हटलं, तुला माझी ताई माहीत नाही.

तुझा
फाउस्तो


सान दिमास
१८ सप्टेंबर

चि. फाउस्तोस आशीर्वाद.

पंप चालू केला. बुडबुड्यांशी खेळणं झालं, मग नळी ओढून बरणीत नेली, मग परत आणून ठेवली. बरोबर जागच्या जागी नाही, पण ठेवली.

तुझ्या पत्रातल्या एका गोष्टीबद्दल लिहायचं होतं, पण आधी बाकीचं सांगते.

माझी खालची कवळी हरवली. रात्री मी ती टाकीच्या कठड्यावर पेल्यात ठेवते. दोन दिवस घर पालथं घातलं. तिसऱ्या दिवशी बरणीच्या दाराशी खेकड्यांच्या कवचांची रास असते, त्या राशीवर ती दिसली, नीट मांडून ठेवलेली. मी हात घातला तर माझं बोट धरलं. गच्च नाही, आपण लहान मुलाचं धरतो तसं. मग दिली कवळी. उकळून वापरते आहे.

पाद्रीबाबांच्या घरी ज्ञानकोशाचा एक खंड आहे. त्यावरून सांगते. यांना तीन हृदयं असतात. रक्त निळं असतं. आणि नराच्या उजव्या बाजूच्या तिसऱ्या हाताच्या टोकाला शोषवाट्या नसतात, टोक गुळगुळीत असतं. मी आठही हात मोजून, तपासून पाहिले. टोकापर्यंत वाट्या आहेत. तेव्हा हा 'तो' नाही, 'ती' आहे. एकतीस वर्षं तू नर की मादी न पाहता शिजवत आलास!

पाद्रीबाबा स्वतः पाहायला आले होते. वाकून म्हणाले, "देवाची करणी." तिनं त्यांच्या चष्म्यावर पाण्याची चूळ टाकली. आम्ही सगळे आता तिला बाई म्हणतो.

ती दुसरी गोष्ट पुढच्या पत्रात.
ताई


मेरिदा
३० सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं आणि मी सरळ बर्फाच्या पेटीशी गेलो. पंचवीस नग पडले होते. एकेकाचा उजवा तिसरा हात पाहिला. ताई, खरंच आहे! अकरा नर, चौदा माद्या. सोकोरो म्हणाली, "गिऱ्हाईक थांबलंय आणि तू हात बघत बसलायस? ज्योतिषी झालास का?" पण एकदा कळलं की न बघून राहवत नाही. काल एका नराला त्याच्याच शाईत शिजवताना उगाच वाटलं, हा गृहस्थ कुठून निघाला असेल, कुठे जात असेल. मग मिरची जरा जास्त घातली.

आता मोठी बातमी. व्याही परवा जेवायला आले. पेनिचेसाहेब मोठे नोटरी आहेत, हे तुला ठाऊकच आहे. शब्द मोजून बोलतात, तुमचं दोघांचं जमेल. पेनिचेबाई हातमोजे घालून माझ्या खानावळीत बसल्या होत्या. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलायला हवं. म्हणून म्हटलं, "लग्नाच्या दिवशी तुमच्या टेबलावर असं काही येईल की मेरिदात कुणी खाल्लं नसेल. माझी ताई स्वतःच्या हातानं वाढवतेय." काय ते सांगितलं नाही. साहेबांनी भुवई वर केली. एकच, पण केली.

तेव्हा ताई, आता इज्जत तुझ्या टाकीत आहे. बाई किती किलोच्या झाल्या?

तुझा
फाउस्तो


सान दिमास
१२ ऑक्टोबर

चि. फाउस्तोस आशीर्वाद.

किलो माहीत नाही, तराजू घरी नाही.

रविवारपासून बाई जेवत नाहीत. खेकडा टाकला तर हातानं बाजूला सारतात. मी घाबरले. पाणी बदललं, पंप धुतला. तिबुर्सियोला बोलावलं. तो टाकीत डोकावून म्हणाला, "म्हातारपण." मी म्हटलं, "म्हातारपणी मी जेवतेच आहे ना?"

मग काळं फडकं जरा उचलून पाहिलं. फाउस्तो, बरणीच्या आतून, वरच्या काचेला अंडी लटकली आहेत. लांब तांदळाच्या दाण्यांसारखी, दाटीवाटीनं, पांढरी. हजाराच्या वर असतील. ती त्यांच्याखाली पडून आहे, आणि हातांची टोकं त्यांच्यातून सारखी फिरवते, जशी आई पोरांच्या केसांतून फिरवायची तशी. मधूनमधून त्यांच्यावर पाणी फुंकते.

मी बराच वेळ तिथे बसले. बटाटे करपले.

तुला लिहायची ती गोष्ट आहे, ती मी लिहिणार आहे. आज इतकंच. इकडे यंदा ऑक्टोपस फारसा मिळत नाही, त्यामुळे ऐंशी किलोंचं जमेल असं वाटत नाही. दुसरं काही ठरवलंस तर बरं.

ताई


मेरिदा
२१ ऑक्टोबर

ताई!!

अंडी! अगं, अंडी म्हणजे काय चीज आहे, तुला कल्पना आहे का? मी कधी पाहिलीसुद्धा नाहीत. कुणीच पाहिली नाहीत! लोणी, थोडी लसूण, वरून आंबट संत्र्याचा रस, आणि विस्तवावर जेमतेम दोन पळं. व्याह्यांच्या टेबलावर सहा छोट्या वाट्या. नोटरीसाहेबांच्या दोन्ही भुवया वर जातील! बरणीसकट पाठव. बस हळू चालवायला सांगतो.

आणि यंदा मिळत नाही म्हणजे काय? काल मासळीबाजारात ऑक्टोपसचा ढीग लागला होता. सगळे म्हणत होते, दहा वर्षांत असा हंगाम नाही. विचारलं तर अर्धा माल सान दिमासचा. तिबुर्सियो तुला फसवतोय का? मी येऊन त्याचे कान उपटू?

फाउस्तो


तार
सान दिमास, २४ ऑक्टोबर

अंडी मिळणार नाहीत बाईही मिळणार नाहीत पत्र येतंय रागावू नकोस ओतिलिया


सान दिमास
३ नोव्हेंबर

चि. फाउस्तोस अनेक आशीर्वाद.

तारेत दहा शब्द पुरले. आता पत्रात ते दहाच पुन्हा कसे लिहायचे हे कळत नाहीये, म्हणून दहा दिवस गेले.

मी ऑक्टोपस लग्नासाठी पोसला नव्हता. तुझं पहिलं उत्तर आलं तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. तू इतका खूश होतास. आणि खरं सांगू, मला लाज वाटली. त्रेसष्ट वर्षांच्या बाईनं भावाला काय लिहायचं? की मी धुण्याच्या टाकीशी खुर्ची टाकून बसते, आणि दिवस कसा जातो कळत नाही?

ऑक्टोपस मिळत नाही हे खोटं होतं. धक्का भरून वाहतोय. माझ्या चाळीस वर्षांत एकही तार मी खोटी पाठवली नाही, आणि पहिली थाप तुला मारली. झालं असं, की तुझ्यासाठी माल निवडायला मी दोनदा धक्क्यावर गेले. दर वेळी निवडायला हात घातला आणि उजवा तिसरा हात बघू लागले. तशीच परत आले. तू शिजवू नकोस असं मी म्हणत नाही. तुझ्या हातचं शाईतलं मी तीस वर्षं बोटं चाटून खाल्लंय, ते मी नाकारणार नाही. फक्त मला निवडता येत नाही.

परवा पितरांच्या दिवशी आईबाबांसाठी मक्याच्या पिठाचा पिब मातीत पुरून भाजला. ताट मांडताना आईला सांगितलं, "फाउस्तो माझ्यावर रागावणार आहे." आई काही बोलली नाही, पण पिब एका बाजूनं कच्चा राहिला.

अंड्यांत आता डोळे दिसतात. प्रत्येकात दोन काळे ठिपके.

ताई


मेरिदा
१० नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. मी रागावलो नाही.

सोकोरो म्हणते, मी रागावलोय. नेल्सी म्हणते, "जाऊ दे बाबा, आत्याला जे आवडतं ते करू दे." तिला बोलायला काय जातंय, तिला नोटरीच्या घरात नांदायचंय! मी त्यांना काय सांगू? ताईनं वाढवलंय ते जिवंत आहे आणि अंडी उबवतंय, म्हणून तुम्ही कोंबडी खा?

लहानपणी तू घरात इगुआना सरडा पाळला होतास. त्यानं माझी टोपी खाल्ली. तेव्हाही सगळे म्हणाले, ओतिलियाला करू दे.

एकोणीस तारखेला मी स्वतः येतोय. तिबुर्सियोशी बोलून ऐंशी किलोंचं पक्कं करीन आणि दुसऱ्या दिवशी परत. बाईंचं काय करायचं ते समोरासमोर बघू. सुरी मी माझी आणतो.

फाउस्तो


सान दिमास
२३ नोव्हेंबर

प्रिय सोकोरो,

मी सुखरूप आहे. उत्तरेचं वादळ आलंय, सोमवारपासून थांबलं नाही. रस्ता पाण्याखाली गेलाय, बस बंद आहे, म्हणून निघता आलं नाही. तू काळजी करू नकोस. खानावळ तू बघतेसच.

एक काम कर. चॉकलेट घुसळायची माझी मोठी रवी, लांब दांड्याची, मिळेल तशी पाठव. इथली लहान आहे, हात दुखतो. आणि पातळ मलमलीचे चार पंचे. कशाला ते विचारू नकोस.

ताईची तब्येत बरी आहे.

तुझा
फाउस्तो


मेरिदा
२४ नोव्हेंबर

फाउस्तो,

रस्ता पाण्याखाली आहे तर तुझं पत्र पोहत आलं का? बस रोज चालू आहे. ड्रायव्हर माझ्याच खानावळीत जेवतो. तो सांगतो की तू पँट गुडघ्यापर्यंत वर करून दिवसभर समुद्रातून बादल्या वाहतोस. "कुणासाठी?" विचारलं तर म्हणतो, "बाईंसाठी."

इथे लग्न पंधरा दिवसांवर आलंय. नेल्सीचा झगा अजून कमरेत ढगळ आहे. तुझ्या व्याह्यांनी दोनदा निरोप पाठवलाय. आणि तू कुण्या बाईसाठी चॉकलेट घुसळतोयस!

रवी पाठवते आहे. ती आल्यावर खरं लिही.

सोकोरो


सान दिमास
२६ नोव्हेंबर

प्रिय सोकोरो,

खरं लिहितो. हसू नकोस. हसलीस तरी स्वयंपाक्यांना सांगू नकोस.

मी रविवारी संध्याकाळी पोचलो. ताईशी बोललो नाही. सकाळी सुरी घेऊन परसात गेलो. ताई दारात उभी होती, अडवलं नाही, एवढंच म्हणाली, "आधी फडकं उचलून बघ." मी उचललं. सोकोरो, ती इतकी बारीक झालीय! मी आयुष्यात इतके ऑक्टोपस पाहिले, पण अशी हडकलेली... हाडं नसतात त्यांना, तरी हडकलेलीच म्हणायचं. चाळीस दिवस अन्न नाही. माझ्याकडे एक डोळा वळवला आणि परत अंड्यांकडे. मी तिच्या दृष्टीनं इतका फालतू होतो!

तेवढ्यात वादळ आलं आणि वीज गेली. पंप बंद. ताई म्हणाली, हवा नसेल तर तासाभरात सगळं संपेल. तिनं फुलपात्रानं पाणी उंचावरून ओतायला सुरुवात केली. मी पाहत होतो. ती चुकीचं ओतत होती, सगळी धार एकाच जागी! शेवटी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सरक. फेस कसा काढायचा ते मला माहीत आहे." चॉकलेटची रवी घेतली आणि टाकी घुसळायला लागलो.

चार दिवस, सोकोरो. दिवसा मी, रात्री ताई आणि तिबुर्सियो आळीपाळीनं. समुद्र गढूळ, म्हणून पाणी मलमलीतून गाळायचं. शेजारपाजारचे येऊन बघायचे. मासेमारी बंद होती, त्यांना दुसरा उद्योग नव्हता. एक म्हणाला, "जास्त घुसळू नका, लोणी येईल." दुपारी बघतो तर तोच बादली घेऊन रांगेत.

वीज गुरुवारी रात्री आली. मी शुक्रवारी निघू शकलो असतो. निघालो नाही.

काल सकाळी पहिलं फुटलं. डाळीच्या दाण्याएवढं. आठ हात, दोन डोळे, सगळं पुरं. बाहेर आलं, मला बघितलं, रंग बदलला आणि इवलीशी शाई सोडली. घाबरलं असणार. मी म्हटलं, "बाळा, शाईची ओळख मला देऊ नकोस."

उद्याच्या बसनं येतोय. झगा ढगळ असू दे, नेल्सीला चार दिवस माझ्याकडे जेवू घाल.

तुझा
फाउस्तो

ता. क. तिबुर्सियोशी ऐंशी किलोंचं पक्कं केलं. मी काही वेडा झालेलो नाही.


सान दिमास
७ डिसेंबर

चि. फाउस्तोस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तिबुर्सियो तुझ्या मालाबरोबर आणतोय. माल चांगला आहे. मी निवडलेला नाही, पण लांबून पाहिला.

बाई गेल्या. गुरुवारी, तीस तारखेला, दुपारी. शेवटची अंडी बुधवारी फुटली. तोवर फुंकर घालत होत्या. मग बरणीतून पहिल्यांदा बाहेर आल्या, टाकीच्या कोपऱ्यात बसल्या. रंग पांढरा झाला होता. मी पाण्यात बोट धरलं. धरलं त्यांनी, मग सोडलं.

एक गोष्ट तुलाच विचारावीशी वाटली, कारण तुझ्याइतकं यातलं कुणाला कळत नाही: पुढे काय करायचं? पण तू नव्हतास. तिबुर्सियो म्हणाला, "खाण्यासारखं काही उरलंच नाही यात." तो वाईट अर्थानं म्हणाला नाही. त्यानं टोपी काढली होती.

रविवारी समुद्र निवळला. पिल्लं बादल्यांत घालून आम्ही आत, गवताच्या उथळ भागात नेली आणि सोडली. तिबुर्सियोनं मोजायचा प्रयत्न केला. चौदाशेपर्यंत मोजली, मग एकानं त्याच्या नखाला मिठी मारली आणि तो आकडा विसरला. बाईंनाही तिथेच सोडलं.

मला त्या दिवसापासून ताप आहे. पाण्यात फार वेळ उभी राहिले. डॉक्टर म्हणतात, छातीत कफ आहे, प्रवास नाही. नेल्सीच्या लग्नाला मी नाही, हे लिहिताना जे वाटतंय ते लिहीत नाही. तिला सांग, तिच्यासाठी विणलेली चादर तिबुर्सियोकडे दिली आहे. वास येत असेल तर उन्हात टाका.

आणि व्याह्यांना तू दिलेला शब्द माझ्यामुळे मोडला. माफ कर.

तुझी
ताई


मेरिदा
११ डिसेंबर

प्रिय ताई,
सा. न.

लग्न झालं. नेल्सी रडली, सोकोरो रडली, मी कांदा चिरत होतो असं सांगितलं. चादर मुख्य खोलीत पसरली होती. वास येत होता, पण कुणी बोललं नाही.

आता जे झालं ते बसून वाच.

ऐंशी किलो मीच शिजवले. चांगले झाले, लोकांनी ताटं पुसून खाल्ली. फक्त मीठ बघायला सोकोरोला सांगितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं चमचा घेतला आणि चाखलं.

मी व्याह्यांच्या टेबलाशी परात घेऊन गेलो. मनात सगळं ठरवलं होतं. तुकड्यांतला सगळ्यांत देखणा हात उचलायचा, साहेबांच्या ताटात ठेवायचा आणि म्हणायचं, "हाच तो, ताईनं वाढवलेला." कोण तपासणार होतं? तेवढ्यात पेनिचेसाहेब म्हणाले, "तुमच्या ताई दिसत नाहीत."

मी म्हटलं, "ताप आहे. आणि घरात... बाई गेल्या, मागच्या आठवड्यात."

"कोण बाई?"

"ऑगस्टपासून ताईकडे होत्या. ताईनंच सगळं केलं त्यांचं."

पेनिचेबाईंनी काटा खाली ठेवला. "आजारी होत्या?"

"बाळंतपण," मी म्हटलं. "अन्नच घेतलं नाही."

"आणि मूल?"

"सुखरूप आहेत," मी म्हटलं. "आई नाही, पण सुखरूप आहेत."

ताई, मी खोटं एक अक्षर बोललो नाही. पण माझा आवाज फाटला. तो का फाटला, मला माहीत नाही. मला तिचा तो डोळा आठवला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग गळ्यातला रुमाल काढला आणि उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून टेबल उभं राहिलं. टेबल उभं राहिलं म्हणून शेजारची टेबलं. वाजंत्री थांबली. बघता बघता दोनशे माणसं हात बांधून, मान खाली घालून उभी, आणि प्रत्येकाच्या समोर ताटात शाईतला ऑक्टोपस वाफाळतोय. मी परात धरून मधोमध. खुलासा करायला तोंड उघडलं, पण नेल्सीनं लांबूनच मान हलवली. नको म्हणून. तिला सगळं माहीत होतं. तिनंही मान खाली घातली.

पूर्ण एक मिनिट, ताई. बाईंना मेरिदातल्या सगळ्या बड्या लोकांनी उभं राहून मान दिला.

खास पदार्थाचं नंतर कुणी विचारलं नाही. निघताना साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "अशा ताई असलेल्या घरात मुलगा दिला, आम्ही भाग्यवान." चक्क एक सबंध वाक्य!

तुला सांत्वनाची पत्रं येतील. उत्तर दे. खोटं लिहू नकोस, पण कृपा करून जास्त खरंही लिहू नकोस.

लवकर बरी हो. जानेवारीत मी येतोय, मोठी रवी घेऊन. काम नसलं तरी.

तुझा
फाउस्तो


सान दिमास
२८ डिसेंबर

चि. फाउस्तोस आशीर्वाद.

ताप गेला. कपडे पुन्हा घरी धुते.

अकरा पत्रं आली. सगळ्यांना उत्तरं लिहिली. पेनिचेबाईंना लिहिलं, की त्या शेवटपर्यंत पोरांजवळून हलल्या नाहीत, कसली तक्रार केली नाही, आणि जाताना माझा हात धरला. सगळं खरंच आहे.

आज त्यांचं उलट उत्तर आलंय. फार मायेनं लिहिलंय. म्हणतात, पोरांसाठी कपडे पाठवायचे आहेत, तेव्हा किती आहेत आणि केवढी आहेत ते कळवा.

फाउस्तो, किती लिहू?

ताई